पेटीवाल्याच्या हातात टेलीकास्टर : काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी मत सांगून टाकतो. तुमचं पहिलं वाद्य पेटी असेल आणि दुसरं वाद्य म्हणून इलेक्ट्रिक गिटार घ्यायची असेल, तर सिंगल-कॉइल पिकअपचीच घ्या (पिकअप म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग). त्यातही शक्यतो ब्रिज (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात तो भाग) पक्का असलेली, म्हणजे टेलीकास्टर धाटणीची. मी स्क्वायरची (हा फेंडरचाच स्वस्त ब्रँड) क्लासिक व्हाइब फिफ्टीज टेलीकास्टर घेतली. उन्हाळ्याच्या शेवटी ती घरी आली. मग डोंबिवलीचा अख्खा पावसाळा, गावचे गणपती आणि दिवाळी असं सगळं तिच्यासोबत काढलं. आता थंडीत हे लिहितोय.

माझी मूळ गरज मींडेची होती. पेटीवर गळ्याची साथ करताना गायक पंचमावरून गंधारावर घसरत येतो आणि आपण दोन पट्ट्यांच्या मधे अडकून राहतो. कणस्वर, खटके, झपाट्याच्या ताना पेटीवर सुंदर निघतात, पण दोन स्वरांमधली ती सलग वाट पेटीत नाहीच. 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली, त्यामागच्या आक्षेपांत हाही एक होता. ज्या थोर पेटीवादकांनी त्यावर आपापले उपाय शोधले त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे, पण मला ती वाट स्वतःच्या बोटाखाली हवी होती. अकूस्टिक गिटार वापरून पाहिली होती. तिच्या तारा जाड, आणि तिसरी तारही बऱ्याचदा गुंडाळलेली. एका स्वराची ओढ काढतानाच बोटं सोलून निघतात. इलेक्ट्रिकवर 9 ते 42 चा (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) पातळ संच असतो, त्यातली तिसरी तार साधी, 16 ची. तिच्यावर पूर्ण स्वराची मींड सहज निघते.

आता सिंगल-कॉइलच का? पिकअप म्हणजे सहा लोहचुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. अशी एकच गुंडाळी, म्हणजे कॉइल, असेल तर ती तारेचा फार छोटा भाग ऐकते, त्यामुळे आवाज स्वच्छ, धारदार आणि बोटाच्या प्रत्येक हालचालीला उत्तर देणारा येतो. याची सुरुवातही आपल्याला जवळची आहे. 1930 च्या दशकाच्या आरंभी रिकनबॅकरने काढलेली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार मांडीवर आडवी ठेवून, पोलादी दांडी फिरवून वाजवायची हवाईयन गिटार होती. आपल्याकडे हिंदी गाण्यांच्या धुना ज्या वाद्यावर घरोघरी ऐकल्या गेल्या, ते याच कुळातलं.

या एका गुंडाळीत विजेच्या तारांची गुणगुणही शिरते. ती घालवण्यासाठी 1955 मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी दोन उलट्या गुंडाळ्या शेजारी ठेवल्या. तोच हमबकर. एका मित्राकडे हमबकरची गिटार आहे, तिच्यावर मी भरपूर वाजवलं आहे. आवाज भरदार, गोल, ऐकायला आरामाचा. पण सुरुवातीचा आघात आणि मींडेचं टोक तिथे थोडं बोथट होतं. सा धरून ठेवला आणि वर दुसरी तार ओढली की दोन्ही एकमेकांत मिसळतात. सिंगल-कॉइलवर षड्ज वेगळा ऐकू येतो, मींड वेगळी. रागाच्या अंगाने वाजवणाऱ्याला हा वेगळेपणाच हवा असतो.

दुकानात माझ्यासमोर तीन पर्याय होते. यामाहा पॅसिफिका 112 मध्ये दोन सिंगल-कॉइल आणि ब्रिजपाशी एक हमबकर असतो. ज्याला नेमकं काय वाजवायचं हे अजून ठरवायचं आहे त्याला मी आजही हीच सुचवीन. दुसरा पर्याय स्ट्रॅटोकास्टर. 1954 ची ही रचना, तीन सिंगल-कॉइल, दिसायला देखणी. पण पॅसिफिकाच्या आणि स्ट्रॅटच्या ब्रिजला स्प्रिंगा असतात. एक तार ओढली की स्प्रिंगांवरचा ताण वाढतो, ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि बाकीच्या तारा उतरतात. रॉक वाजवताना कुणाच्या लक्षातही येत नाही. पण पाचवी तार षड्ज म्हणून मोकळी सोडायची आणि तिसरीवर मींड काढायची, असं करून पाहा. मींड वर जाते आणि षड्ज खाली. पेटीच्या स्थिर सुरावर वाढलेल्या कानाला ते सहन होत नाही. स्प्रिंगा घट्ट करून ब्रिज लाकडाला टेकवून ठेवता येतो, हे खरं. पण मग मुळातच पक्का ब्रिज असलेली का घेऊ नये? लिओ फेंडर यांनी 1950 मध्ये बाजारात आणलेल्या आणि 1951 पासून टेलीकास्टर नावाने ओळखल्या जाणाऱ्या गिटारमध्ये हलणारं काहीच नाही. मी तिथेच ठरवलं.

क्लासिक व्हाइबला पाइनचं अंग, मेपलची नेक (मान) आणि अल्निको चुंबकांचे पिकअप. अ‍ॅफिनिटी ही त्याच घरातली स्वस्त मालिका, तिच्यात पॉप्लरचं लाकूड आणि सिरॅमिक चुंबक. अ‍ॅफिनिटीच्या बाजूने एक मुद्दा मुद्दाम सांगतो. तिच्या ब्रिजवर सहा तारांना सहा सॅडल (तार टेकते ते छोटे तुकडे) असतात. फिफ्टीज धाटणीत मूळ रचनेप्रमाणे तीनच, म्हणजे दोन तारांना मिळून एक. त्यामुळे वरच्या फ्रेटांवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दोन शेजारच्या तारांचा सूर एकाच वेळी तंतोतंत जमवता येत नाही, थोडी तडजोड करावी लागते. मी माझ्या वापराप्रमाणे तिसरी आणि पाचवी तार नेमकी जुळवून घेतली आणि त्यांच्या जोडीदार तारांच्या सुरात किंचित तडजोड केली. बजेट कमी असेल तर अ‍ॅफिनिटी घ्या आणि वाचलेल्या पैशांतून चांगला सेटअप (तारांची उंची, सूर आणि नेकचा बाक जुळवणं) करून घ्या. साध्या गिटारवर झालेला नीट सेटअप महाग गिटारच्या ढिसाळ सेटअपपेक्षा कधीही बरा.

हाताचं म्हणाल, तर सुरुवातीला बोटांचा जोर नडतो. पेटीवर पट्टी कितीही दाबा, स्वर तोच राहतो, जोर भात्याचा असतो. इथे फ्रेट अरुंद आणि उंच आहेत. बोट जरा जास्त दाबलं की तार फ्रेटच्या मागे खाली वाकते आणि सूर चढतो. सिंगल-कॉइल हे लपवत नाही. काही आठवड्यांत हात हलका झाला, आणि त्याचा फायदा पेटीवरही दिसला.

मींड फक्त वरच नेता येते, हे नीट समजून घ्यावं लागतं. तार ओढली की स्वर चढतो, उतरवण्यासाठी वेगळी युक्ती लागते. भूपातली पंचम-गंधार मींड घ्या. गंधाराच्या फ्रेटवर बोट ठेवून आवाज न करता तार पंचमापर्यंत ओढायची, मग आघात करायचा आणि सावकाश सोडत गंधारावर यायचं. ही दीड स्वराची ओढ आहे. पातळ तारेवरही तीन बोटं मिळून लावावी लागतात, आणि आघाताआधी तार नेमकी पंचमावर पोहोचली आहे हे बोटांनीच ओळखावं लागतं. दरबारीतला आंदोलित कोमल गंधार काढताना मी गंधाराच्या फ्रेटवर जातच नाही. तिथे गेलं की तो स्वर पेटीच्या पट्टीवर येऊन बसतो आणि त्याच्या खाली उतरता येत नाही. रिषभाच्या फ्रेटवरून तार ओढत वर गेलं की हवा तितका उतरलेला गंधार मिळतो आणि आंदोलनही तिथेच घेता येतं. माझ्या बोटांखाली तो स्वर पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा मी बराच वेळ तेवढाच वाजवत बसलो होतो.

स्वर टिकण्याची बाब वेगळी. भाता चालू असेतो पेटीचा स्वर चालतो, गिटारचा आघातानंतर लगेच विरायला लागतो. विलंबित आलापीला हे कमी पडतं आणि ते मान्य करूनच वाजवायला हवं. थोडं कॉम्प्रेशन (मोठ्या-लहान आवाजांतला फरक कमी करणारा इफेक्ट) लावलं की शेपूट लांबते. मी बहुतेक वेळ नेकजवळच्या पिकअपवर असतो. धातूचं आवरण असलेला तो पिकअप मऊ बोलतो आणि आलापीला शोभतो. ब्रिजचा पिकअप तिखट आहे. टोन थोडा कमी केला की द्रुत तानांना छान उठाव येतो.

आणि आता हमिंग, ज्याच्यासाठी बरेच जण सिंगल-कॉइलच्या वाटेला जात नाहीत. आपली वीज 50 हर्ट्झची. पेटीच्या भाषेत सांगायचं तर ही गुणगुण पांढरी पाचच्या (सप्तकातल्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या) किंचित वर बसते, तिचा दुप्पट स्वरही तिथेच, वरच्या सप्तकात. तुमचा षड्ज पांढरी एक असेल तर ती चढलेल्या पंचमासारखी मागे राहते आणि फार खुपत नाही. काळी एकला गाणाऱ्याची साथ करताना मात्र तीच गुणगुण तीव्र मध्यमाच्या बाजूला येते आणि सगळा षड्ज गढूळ करते. म्हणून मी तिच्यामागे हात धुऊन लागलो.

चोक असलेली जुनी ट्यूबलाइट, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मोबाइलचा चार्जर आणि लाइट गेल्यावर चालू होणारा इन्व्हर्टर हे घरातले मुख्य स्रोत. रेग्युलेटर पूर्ण पाचवर ठेवला की त्याची खरखर बऱ्यापैकी जाते. अ‍ॅम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून दोन-तीन हात लांब बसा. मग बसल्या जागी गिटारसकट हळूहळू फिरा. एका विशिष्ट कोनात गुणगुण जवळपास नाहीशी होते, कारण गुंडाळीच्या वेढ्यांचं प्रतल त्या क्षेत्राला समांतर येतं. माझ्या खोलीत तो कोन खिडकीकडे तोंड केल्यावर मिळतो आणि रियाजाची खुर्ची आता तिथेच आहे. तारांना हात लावल्यावर आवाज एकदम कमी होत असेल तर थोडाफार फरक नेहमीचा आहे, पण फार मोठा असेल तर घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट दिसतं आणि तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते. हा जिवाचा प्रश्न आहे, त्यात कुचराई नको.

गणपतीत गावी भजनाच्या आधी थोडं वाजवायचं ठरलं होतं. मखराला लुकलुकणाऱ्या माळा होत्या. त्यांचा कंट्रोलर जितक्यांदा माळ बदलतो तितक्यांदा अ‍ॅम्पमधून टिक असा आवाज. माळा स्थिर उजेडावर ठेवल्या आणि टिकटिक थांबली. कुठल्याही मंडपात वाजवायला जाणाऱ्याने हे आधी बघावं. नॉइज गेट नावाचं बटण काही अ‍ॅम्पवर असतं, ते मी वापरत नाही. आवाज एका पातळीखाली गेला की ते दार बंद करतं, आणि मींडेचा विरत जाणारा शेवट नेमका तिथेच कापला जातो. गेन (अ‍ॅम्प आत येणारा आवाज किती वाढवतो ते) कमी ठेवणं हा त्याहून चांगला उपाय आहे. दोन गुंडाळ्या एकावर एक रचलेले, गुणगुण नसलेले पिकअप मिळतात, पण आहे त्या आवाजाचा मोकळेपणा मला सोडवत नाही.

पावसाळ्यात लाकडाने दमटपणा घेतला, नेकचा बाक थोडा बदलला आणि तारा फ्रेटपासून उंचावल्या. कोणत्याही गिटारचं होतं तसंच. पाऊस सरल्यावर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक ठरवणारी सळई) जुळवून घेतला. तारांना गंज लवकर धरतो, वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसणं आणि पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवणं पुरतं.

पेटीवाल्यांसाठी षड्जाचा हिशोब. पाचवी मोकळी तार म्हणजे पांढरी सहा, सहावी तार तिचा खालचा पंचम. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला की षड्ज काळी पाच होतो, चौथ्यावर लावला की काळी एक. दोन्हीकडे पंचम-षड्जाची जोडी तानपुऱ्यासारखी हाताशी राहते. मात्र ट्यूनरवर विसंबून राहू नका. बऱ्याच पेट्या 440 हर्ट्झच्या प्रमाण सुरावर नसतात. गिटार पेटीला मिळवायची, पेटी गिटारला मिळत नाही.

दुकानात गेलात तर पहिल्यांदा अ‍ॅम्पशिवाय वाजवा आणि लाकूड किती बोलतं ते ऐका. बाराव्या फ्रेटवर तिसरी तार पूर्ण स्वर ओढा, मधेच आवाज मेला तर फ्रेट किंवा सेटअपमध्ये दोष आहे. त्याच फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर जुळतो का ते पाहा. पिकअप तारांच्या फार जवळ असतील तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर लहरतो. शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली साधारण 2.4 मिलिमीटर आणि बारीक तारेखाली 2 मिलिमीटर अंतर असावं. मग पिकअप निवडायचा स्विच मधल्या जागी ठेवा. दोन पिकअपांपैकी एक उलटा गुंडाळलेला असेल तर तिथे गुणगुण जाते. आणि हे सगळं करण्याआधी, घरून निघताना आपल्या पेटीचा षड्ज मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या आणि दुकानातली गिटार त्याला मिळवून मगच मींड काढून पाहा.