भाडेकराराची ई-सही: कर्वेनगरच्या फ्लॅटवर माझी झालेली फसवणूक

मी ३२ वर्षं बँकेत नोकरी केली. त्यातली कितीतरी वर्षं चेक पास करण्यात गेली. चेकवरची सही आणि कार्डावरचा नमुना शेजारी धरायचा, एखाद्या अक्षराची शेपटी वेगळी वळली तरी चेक परत. त्याच मला एका एजंटाने खोट्या सहीने फसवलं, हे लिहिताना जीव जळतो. पण कोथरूड, वारजे, कर्वेनगर भागात एखादा फ्लॅट भाड्याने देऊन घरखर्चाला हातभार लावणारे निवृत्त लोक पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी लिहितेय.

एजंट म्हणाला, "काकू, आता कुठे जायला नको. ई-सही झाली की करार रजिस्टर." सरकारी खर्च धरून ६,५०० रुपये घेतले. माझ्या आणि भाडेकरूच्या आधार आणि पॅनचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागवले. मग एक लिंक आली, पाठोपाठ चार आकडी ओटीपी. आधारचा ओटीपी सहा आकडी असतो आणि तो कुणाच्या साध्या मोबाइल नंबरवरून येत नाही, हे मला तेव्हा सुचलंच नाही. अर्ध्या तासात पीडीएफ हजर. खाली दोघांच्या सह्या, शेजारी हिरवी बरोबरची खूण, तारीख, वेळ, वर दस्त क्रमांक. मी प्रिंट काढून फाइलला लावली.

सातव्या महिन्यात भाडेकरूने भाडं थांबवलं. म्हणे करार ११ महिन्यांचा नाही, तीन वर्षांचा ठरला होता आणि मेंटेनन्सही २१,००० भाड्यातच होता. मी पीडीएफ पुढे केली. तो म्हणाला, "ही सही मी केलेलीच नाही." आणि तेवढं मात्र खरं होतं.

शिवाजीनगर कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वकिलांनी ती फाइल कॉम्प्युटरवर उघडून मोठी केली. भाडेकरूच्या सहीभोवती फिकट निळसर चौकोन दिसला. तो पॅन कार्डाचा रंग. माझ्या सहीभोवतीही तसाच. दोन्ही सह्या कार्डांवरून कापून चिकटवलेल्या. हिरवी खूण माऊसने धरली तर अख्खी उचलली गेली, कारण ते नुसतं चित्र होतं. मग त्यांनी खरी ई-सही असलेला एक कागद शेजारी उघडला. तिथे सहीची माहिती पानावर नाही, सॉफ्टवेअरच्या वेगळ्या पट्टीत येत होती: प्रमाणपत्र कुणाच्या नावाचं, कुणी दिलं, सही किती वाजता झाली. त्याच्या प्रतीत त्यांनी एक आकडा बदलला, तर सहीनंतर कागदात फेरफार झाल्याचा इशारा लगेच आला. मी ते तीनदा करून दाखवायला लावलं.

कायद्याला दोष देता येणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याच्या कलम ५ ने इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता आहे, कलम १०अ नुसार ऑनलाइन झालेला करार केवळ ऑनलाइन झाला म्हणून रद्द ठरत नाही. आधारवरून होणारी ई-सही त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेचंच लागतं. पण माझ्या हातात त्यातलं काहीच नव्हतं.

त्याहून मोठी चूक पुढे कळली. ई-सही खरी असती तरी मी अडकलेच असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार) लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट आपण सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. सही म्हणजे नोंदणी नव्हे, हे वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर! मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे आमच्या व्यवहारात सहाशेच्या आसपास, आणि पुणे मनपा हद्दीत नोंदणी फी १,०००. त्यातला एक रुपयाही एजंटाने भरला नव्हता. शेवटी तीन महिन्यांचं भाडं, ६३,००० रुपये, सोडून आणि डिपॉझिट पूर्ण परत करून फ्लॅट मोकळा करून घेतला.

आणखी एक सांगितलंच पाहिजे. हाच एजंट माझ्या ८४ वर्षांच्या वडिलांचं मृत्युपत्र "ई-सहीने १,५०० मध्ये" करून देणार होता. मृत्युपत्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याला हा कायदा लागूच नाही. तिथे कागद, शाईची सही आणि दोन साक्षीदारच लागतात. आम्ही ते पुढे ढकललं होतं म्हणून वाचलो. नाहीतर बाबांच्या माघारी भावंडांत काय झालं असतं, हा विचार अजून झोपू देत नाही.

तक्रार सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर आणि पोलिसांत, दोन्हीकडे केली आहे. पीडीएफ ज्या फोनवर आली तो फोन मी बदललेला नाही, चॅटही पुसलेलं नाही. कोर्टात नुसती प्रिंट चालत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि त्यासाठी मूळ फाइल लागते.

गेल्या महिन्यात नवीन भाडेकरू आले. या वेळी दुसरा एजंट अंगठा घेण्याचं मशीन घेऊन घरी आला. माझा अंगठा दोनदा उमटला नाही, तिसऱ्यांदा उमटला. दोन साक्षीदारांचेही अंगठे घेतले, कॅमेऱ्यावर फोटो काढले. दस्त क्रमांक आल्यावर मी नोंदणी विभागाच्या साइटवर तो टाकला, सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा) उघडली, तिच्यात माझं नाव, भाडं, मुदत वाचली, आणि मग त्याचे पैसे दिले.