वृद्धाश्रम की डिमेन्शिया केंद्र? आधी नोंदणी विचारा

स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेल्या आईवडिलांसाठी जागा बघताना आपण खोली, जेवण आणि महिन्याचा खर्च विचारतो. त्याआधी नोंदणी विचारा. माणसाला बांधलं, कोंडलं किंवा गुंगीत ठेवलं, तर जाब कुठल्या कायद्याखाली मागायचा, हे तिच्यावर ठरतं.

साधा वृद्धाश्रम बहुधा ट्रस्ट किंवा संस्था म्हणून नोंदलेला असतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा भर निर्वाहखर्चावर आहे. डिमेन्शियाच्या माणसाला रात्री कुणी सांभाळायचं, याचे नियम त्यात नाहीत. आजार सुरुवातीचा असेल, स्वतःचं आवरता येत असेल, तर असा आश्रम चांगला. गप्पांना सोबत मिळते. मात्र अनेक ठिकाणी चालता-फिरता माणूसच ठेवतात. अंथरूण ओलं होऊ लागलं किंवा फाटकाबाहेर निघून जाणं सुरू झालं, की ‘घेऊन जा’ असा फोन येतो. त्याबद्दल करारात काय लिहिलंय, ते सही करण्याआधीच वाचा.

बाहेर भटकणं, रात्रीची जाग, हात उगारणं सुरू झालं असेल, तर डिमेन्शिया केंद्रच बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातल्या आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाडही येतो. म्हणून राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं नोंदणीपत्र मागा. या कायद्यात साखळदंडाला पूर्ण बंदी आहे, एकांतात कोंडायलाही. बांधायचं तर तत्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हा, तेही उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने. नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाने आपल्या वतीने नेमलेल्या माणसाला, २४ तासांत कळवून. ‘माणसं कमी होती’ ही सबब कायद्याने चालत नाही. बांधल्याची नोंद कुठे करता, ती दाखवा म्हणा. रुग्णाला स्वतः संमती देता येत नसेल, तर पहिला प्रवेश ३० दिवसांपुरताच असतो. पुढे ठेवायला दोन मनोविकारतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं.

कागद नीट असला तरी एकदा संध्याकाळी सहा-सातला जाऊन या. बेचैनी तेव्हाच वाढते आणि कर्मचाऱ्यांची पाळीही अनेकदा तेव्हाच बदलते. खुर्चीला ओढणीने कंबर बांधलेली दिसली, तर परत फिरा. सगळेच पेंगलेले असतील तर कुठल्या गोळ्या चालू आहेत, ते विचारा: डिमेन्शियात मनोविकारावरच्या काही औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो. अचानक वाढलेला गोंधळ अनेकदा लघवीच्या संसर्गाचा असतो. तिथे गोळी वाढवण्याआधी लघवी तपासतात का?

आईला अजून समजतंय तोवर नामनिर्देशित प्रतिनिधी ठरवून घ्या. साधा कागद आणि तिची सही किंवा अंगठा पुरतो.