ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅम्पर गाडी: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

फोर्सच्या ट्रॅव्हलर व्हॅनवर राहायची सोय बांधलेली ही गाडी घेतली ती मुख्यतः आईसाठी. गुडघ्यांमुळे तिला उकिडवं बसवत नाही, आणि लोणारला जा की मार्कंड्याला, वाटेत धड संडास सापडत नाही. गाडीत स्वतःचा संडास, झोपायला सपाट जागा आणि चहापुरती शेगडी आहे, म्हणून ती पुन्हा फिरायला लागली. त्या एका कारणासाठी मी ही गाडी उद्या परत घेईन. पण वर्धा जिल्ह्यातल्या गावात अशी गाडी सांभाळणं म्हणजे काय, हे विकणारा सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

इंजिनाची काळजी करू नका. ट्रॅव्हलरचं इंजिन, क्लच, पाटे यांचं काम करणारा मिस्त्री हिंगणघाट, वणी, पांढरकवडा, कुठेही मिळतो, कारण शाळेच्या आणि लग्नाच्या गाड्या त्याच आहेत. दुखणी निघतात ती मागच्या घराच्या भागात, आणि त्यातली बहुतेक उन्हाची.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ वर जातो आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, गाडीचा टप हात लावू देत नाही. टपावर जिथे खिडकी, पंखा, सोलरचे पाय बसवलेत, तिथे बॉडी बांधणाऱ्याने साधं सिलिकॉन भरलं होतं. पत्रा दिवसा ताणतो, रात्री आकसतो. दोन महिन्यांत त्या सिलिकॉनला केसासारख्या बारीक भेगा पडल्या. खालून काहीच दिसत नाही. शिडी लावून, नखाने दाबत सगळी कड तपासली तेव्हा एका कोपऱ्यात नख आत गेलं. मृगाच्या आधी सगळं खरवडून पॉलियुरेथेनचं सीलंट भरून घेतलं, आणि पूर्ण पावसाळ्यात थेंब आत आला नाही. हे काम एप्रिल-मेमध्येच करा. पाणी एकदा प्लायवूडमध्ये मुरलं की भिंत बाहेरून चांगली दिसते आणि आतून कुजते.

सोलरबद्दल. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, असा समज आहे. पॅनेल तापलं की उत्पादन घटतं: २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के. भर दुपारी पॅनेल ६५ अंशांवर गेलं तर जवळजवळ सहावा हिस्सा वीज तिथेच गेली. म्हणून पॅनेल टपाला चिकटवू नका, खालून वारा खेळेल अशी चार बोटं जागा ठेवून लोखंडी फ्रेमवर बसवा. बॅटरीचंही तसंच आहे. लेड-ॲसिड बॅटरी सतत दहा अंश जास्त तापली तर आयुष्य निम्म्यावर येतं, असा जुना ठोकताळा आहे. आमची पलंगाखाली बंद पेटीत होती. पेटीला दोन बाजूंनी जाळ्या पाडल्यापासून पाणी कमी लागतं. सकाळी, लोड बंद असताना मीटरवर १२.२ व्होल्ट दिसले तर ती अर्धी रिकामी झाली असं समजा आणि फ्रिज बंद करा.

टायरच्या बाबतीत या गाड्या फसवतात. गाडी महिनामहिना उभी असते, त्यामुळे नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सेकंडहँड घेत असाल तर आधी तो वाचा. समृद्धी महामार्गावर जायचं तर हवा सकाळी, टायर गार असताना तपासा आणि भरलेली गाडी ऐंशीच्या वर नेऊ नका. सिमेंटचा रस्ता, दुपारचं ऊन आणि जुनं रबर, यांची गाठ पडू देऊ नये.

आता फसलेली गाडी काढण्याबद्दल. गावाकडे गाडी ठेवणाऱ्याने हे इंजिनाआधी शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

काळी माती ओली झाली की फुगते आणि टायरच्या नक्षीत अशी बसते की टायर गुळगुळीत होतो. ट्रॅव्हलरला ओढ मागच्या चाकांची. चाक जितकं फिरवाल तितकी गाडी खाली जाते, आणि एकदा डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलच्या मधला गोळा) मातीला टेकलं की स्वतःच्या बळावर ती निघत नाही. मृगाचा पहिला पाऊस एका रात्रीत झाला तेव्हा आमची गाडी पांदणीच्या (शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेच्या) कडेला, धुऱ्यालगत, म्हणजे बांधाशी, उभी होती. सकाळी ॲक्सिलरेटरला हातपाय न लावता आधी चारही चाकांसमोरची माती फावड्याने काढली, खाली पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) आणि मुरूम टाकला, मागच्या चाकांतली हवा कमी केली, आणि मग ट्रॅक्टर बोलावला.

ट्रॅक्टरवाल्याकडे टोचनाला, म्हणजे गाडी ओढायला, साखळी असते. साखळी ताणत नाही, त्यामुळे झटका थेट चेसिसला बसतो. वायररोप तुटला तर चाबकासारखा परत येतो आणि माणूस मारतो. आम्ही गाडीत स्वतःचा रुंद पट्टा ठेवतो, गाडीच्या भरलेल्या वजनाच्या तिप्पट ताकदीचा, आणि पाऊण इंची शॅकल (पट्टा अडकवायची लोखंडी कडी), ज्यावर ४.७५ टन कोरलेलं आहे. पट्ट्याच्या मधोमध ओलं गोणपाट टाकतो, म्हणजे तुटला तरी जोर खाली दबतो. पट्टा लावायचा तो चेसिसच्या टो-हुकालाच. बंपर, ॲक्सल, स्टिअरिंगची दांडी यांना कधीच नाही. ट्रॅक्टरच्या बाजूने खालच्या ड्रॉबारला, म्हणजे ओढायच्या दांडीला लावा. टॉपलिंकला (अवजारं जोडायच्या वरच्या दांडीला) किंवा ॲक्सलच्या वर बांधलं तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटतो, आणि चालवणारा खाली सापडतो. या एका गोष्टीवर कोणाचाही उतावीळपणा ऐकू नका.

आमच्या ट्रॅक्टरवाल्याने ट्रॅक्टर लो गिअरमध्ये टाकला आणि म्हणाला, "दादा, स्टेरिंग सरळ ठेवजा, ब्रेकवर पाय देऊ नोका, मी हळूच ताण घेतो." पट्टा आधी ताणू दिला, मग ओढलं. गाडी एका दमात बाहेर आली. बाकी सगळ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब उभं केलं होतं. नंतर पंपावर जाऊन हवा परत भरली; हे विसरून डांबरी रस्त्याला लागू नका.

बंद पडलेली गाडी रस्त्याने ओढत न्यायची असेल तर गोष्ट वेगळी. इंजिन बंद म्हणजे ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं. किल्ली ऑन ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. दोन गाड्यांमध्ये पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागे 'ON TOW' असा मोठा फलक, आणि वेग वीसच्या आसपास. दहा-पंधरा किलोमीटरच्या वर न्यायची झाली तर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, खोलून घ्या. न्यूट्रलवर चाकं फिरतात पण इंजिन बंद असल्याने गिअरबॉक्समधलं तेल वरच्या बेअरिंगपर्यंत उडत नाही, ते सुकं फिरून जळतं. एवढ्या अंतरासाठी गाडी पाठीवर चढवून नेणारी रिकव्हरी गाडी बोलावणं स्वस्त पडतं.

पाण्याचं थोडक्यात. अकोला-अमरावतीकडे, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात टाकी भरू नका. गिझरच्या कॉइलवर खार बसून ती जळते. अडचणीत भरलीच तर घरी आल्यावर लिंबूसताचं पाणी फिरवून टाकी रिकामी करा. पंपाच्या आधीची जाळी महिन्यातून एकदा धुवा.

उंदरांना वायरिंगचं वेड असतं. पाइप-वायर जिथून आत जातात ती भोकं तारेच्या घासणीने बुजवा. गॅस हवेपेक्षा जड, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक हवंच; आमच्याकडे ते वर होतं, खाली पाडून घेतलं.

वजनाचं मात्र कोणी बोलत नाही. पूर्ण टाक्या, गॅस, माणसं, भांडी यांसह गाडी जिनिंगच्या धर्मकाट्यावर नेऊन एकदा सबंध आणि एकदा फक्त मागचा ॲक्सल असं मोजून घ्या, आणि आरसीवरच्या आकड्याशी ताडून पहा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि टाकी जर मागच्या ॲक्सलच्याही मागे असेल तर पुढची चाकं हलकी होतात. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात ते वळणावर जाणवतं. आम्ही आता घाटात अर्धीच टाकी नेतो आणि उतारावर दुसऱ्या गिअरनेच उतरतो.

बांधायला देत असाल तर कागदावर चार गोष्टी लिहून घ्या: मागे आणि पुढे चेसिसला जोडलेले टो-हूक, पाण्याची टाकी दोन ॲक्सलच्या मध्ये, टपावर पॉलियुरेथेन सीलंट, आणि बदलांची नोंद आरसीवर करून देण्याची जबाबदारी. ही नोंद नसेल तर विम्याचा दावा अडतो. आणि पॉलिसीतली रोडसाइड मदत डांबरी रस्त्यापुरतीच आहे का, पांदणीवरही येते का, हे विमा कंपनीकडून लेखी मागा.