पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे, हे ५८४ डॉलर गेल्यावर कळलं

विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर भाडं होतं ४९८ डॉलर. दरांची तुलना करणाऱ्या साइटवर तेच विमान, तीच तारीख एका एजन्सीकडे ४१२ ला दिसलं. ८६ डॉलर वाचवायला गेलो आणि ५८४ घालवून बसलो. शेवटी निघायच्या चार दिवस आधी ७३१ चं दुसरं तिकीट काढलं, ते वेगळंच. लिहिताना लाज वाटते, कारण स्वस्त तिकिटं शोधण्यात मी नवखा नाही. तरीही लिहितोय, कारण ती एजन्सी आजही त्या तुलनेच्या साइटवर यादीत सगळ्यात वर आहे.

स्वस्त दर दाखवून पुढे वाढवायचे, ही युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होती. पैसे भरायच्या पानावर ४१२ चे ४४६ झाले: १९ डॉलर सेवा शुल्क, १५ डॉलर ‘प्राधान्य मदत’. दुसऱ्या चौकटीत टिक आधीच करून ठेवलेली होती. ती काढायची राहिली, ही चूक माझीच. पण ४४६ सुद्धा ४९८ पेक्षा कमीच होते, म्हणून पुढे गेलो. त्या जागी असता तर तुम्हीही गेला असता.

दोन मिनिटांत मेल आला. ‘बुकिंग कन्फर्म्ड’, खाली सहा अक्षरी पीएनआर, म्हणजे बुकिंगचा संकेतांक. मी लगेच विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून पाहिलं. बुकिंग उघडलं. नाव बरोबर, वेळ बरोबर, स्थिती कन्फर्म्ड. याहून जास्त कोण काय तपासतं?

तपासायला हवं होतं. मेलमध्ये पीएनआरच्या खाली एक ओळ होती: ‘ई-तिकीट क्रमांक: प्रक्रियेत’. ही ओळ मी वाचली होती. वाचून पुढे गेलो होतो. ती एक ओळ आजही डोळ्यांसमोरून हलत नाही.

एजन्सी अमाडेउस किंवा सेबरसारख्या विमान-बुकिंगच्या संगणक प्रणालीतून जागा धरते, तेव्हा पीएनआर लगेच तयार होतो. त्यासाठी विमान कंपनीला एक पैसाही द्यावा लागत नाही. जागा कन्फर्म्ड दिसते, पण ती फक्त राखून ठेवलेली असते आणि तिला मुदत असते. त्या मुदतीत तिकीट काढलं नाही, तर कंपनीची यंत्रणा बुकिंग आपोआप रद्द करते. तिकीट निघाल्याचा पुरावा एकच: तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक. त्याचे पहिले तीन आकडे विमान कंपनीचे असतात, म्हणजे लुफ्तान्साचे २२०, एमिरेट्सचे १७६. तो क्रमांक हातात नसेल तर तुमच्याकडे तिकीट नाही, मग मेलमध्ये काहीही लिहिलेलं असो. काही स्वस्त कंपन्या मात्र असा क्रमांक देत नाहीत. तिथे पूर्ण पैसे जमा झाल्याची नोंद थेट कंपनीकडूनच पाहून घ्या.

तिसऱ्या दिवशी फोन आला. ‘सर, भाडं वाढलंय, १३८ डॉलर भरा, नाहीतर ७५ कापून बाकीचे परत करू.’ आवाज नम्र, बुकिंगची सगळी माहिती तोंडपाठ. ज्या तिकिटाचे पैसे पूर्ण भरलेत त्याचं भाडं वाढेलच कसं, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. तिकीट एकदा निघालं की त्याचं भाडं वाढत नाही. फोन आला याचाच अर्थ तिकीट निघालेलं नव्हतं. पण तोवर इतरत्र भाडं ६०० च्या वर गेलं होतं, रजा मंजूर झाली होती, आणि ४४६ अधिक १३८ म्हणजे ५८४ हे त्यातल्या त्यात बरं वाटलं. भरले. नवा पीएनआर आला. तोही नुसताच राखलेला. चेक-इनच्या तयारीसाठी उघडायला गेलो तर ‘बुकिंग सापडत नाही’.

असा फोन आला तर वाढीव रक्कम भरू नका आणि फोनवर ‘हो, रद्द करा’ असंही म्हणू नका. तुम्ही रद्द केलंत की त्यांच्या अटी लागू होतात. ‘तिकीट द्या किंवा पूर्ण रक्कम परत करा’ एवढंच मेलवर लिहा.

आता मदतीचं ऐका. विमान कंपनी म्हणाली, पैसे आमच्याकडे आलेलेच नाहीत, एजन्सीशी बोला. एजन्सीचा फोन ४० मिनिटं वाजत ठेवून कट. तुलना करणाऱ्या साइटचं उत्तर, आम्ही फक्त दर दाखवतो. पोलिसांच्या सायबर विभागात पहिला प्रश्न होता, ‘ओटीपी तुम्हीच टाकलात ना?’ मग म्हणे हा व्यवहारातला वाद आहे, गुन्हा नाही. तक्रार घेतल्याची पोच मिळवायला तीन खेपा.

बँकेने तर कहर केला. मी सांगितलं, पैसे दिले पण सेवा मिळाली नाही. त्यांनी तक्रार नोंदवली ‘अनधिकृत व्यवहार’ म्हणून. एकोणीस दिवसांनी उत्तर आलं: व्यवहार ग्राहकानेच केलेला असल्याने दावा फेटाळला. फेटाळला जाणारच होता, प्रकारच चुकीचा टाकला होता! कार्डाच्या नियमांत ‘सेवा मिळाली नाही’ हा चार्जबॅकचा, म्हणजे बँकेमार्फत विक्रेत्याकडून पैसे परत मागण्याचा, स्वतंत्र प्रकार आहे. हे ग्राहकाने बँकेला शिकवायचं? तक्रारीची प्रत हातात घेऊन त्यावर प्रकार कोणता लिहिलाय ते स्वतः वाचा. चार्जबॅकला मुदत असते, त्यामुळे एजन्सीच्या ‘परतावा सुरू आहे’ या मेलांवर महिने घालवू नका. त्यांना हवा असतो तो वेळच.

पैसे क्रेडिट कार्डानेच भरा. फरक भरताना ती माणसं थेट खात्यावर मागतात. तिथे गेलेल्या पैशाला चार्जबॅकच नाही. ग्राहक सेवेचा नंबर सर्च करून शोधू नका, वर दिसणाऱ्या जाहिरातींत खोटे नंबर असतात. एजन्सीचे तारे पाहू नका, एक तारा देणाऱ्यांनी गेल्या महिन्यात काय लिहिलंय ते वाचा. तिथे ‘भाडं वाढलं म्हणून फोन आला’ हे वाक्य दिसलं की पान बंद करा. मी ते नंतर वाचलं. माझ्याच शब्दांत लिहिल्यासारखं होतं, एकामागून एक.

तुलनेच्या साइटी वापरायला हरकत नाही. विमान आणि तारीख तिथे ठरवा, तिकीट मात्र कंपनीच्या साइटवरून काढा. आणि एजन्सीकडून आधीच काढलं असेल तर हे पुढे वाचण्याआधी मेल उघडा आणि ते तेरा आकडे शोधा. चोवीस तासांत आले नसतील तर विमान कंपनीला फोन करून नेमकं विचारा, ‘तिकीट इश्यू झालंय का?’ ‘बुकिंग आहे का’ असं विचारलंत तर उत्तर ‘हो’ असंच येईल.

माझा दुसरा दावा योग्य प्रकारात दाखल झालाय. १३८ परत आले. ४४६ अजून अडकलेले आहेत.