सोळा किलोचा ब्रेकर आणि अंगणातला जुना कोबा : नऊ महिन्यांनंतर

मिरजेतल्या आमच्या घराभोवतीचा कोबा वडिलांनी 1994 साली घालून घेतला होता. चार इंच जाड, खाली नीट सोलिंग (दगडांचा थर) नाही आणि जमीन काळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. काँक्रीटला तिच्याबरोबर वाकता येत नाही, ते तडकतं. तीस वर्षांत निम्मे तुकडे वर आले होते, निम्मे खचले होते. आई दोनदा अडखळून पडली. दुसऱ्या वेळी मनगटाला प्लास्टर घालावं लागलं, तेव्हाच ठरवलं की हे काढायचं.

फेब्रुवारीत 16 किलो वजनाचा, 1600 वॅटचा, काँक्रीट फोडायचा इलेक्ट्रिक ब्रेकर घेतला. 30 मिमी षटकोनी दांड्याची छिन्नी बसते तो प्रकार. 13,500 रुपयांना पडला, सोबत एक टोकाची आणि एक चपटी छिन्नी. आमच्याकडे भाडं दिवसाला 700 आहे आणि मला 11 रविवार लागले, म्हणजे एवढ्या एका कामासाठी भाड्यानेच स्वस्त पडलं असतं. मी विकत घेतला, कारण मला सलग दिवस मिळत नव्हते. शिवाय शेजारच्या घरात तान्हं बाळ आहे. तिथल्या काकूंना विचारून रविवारी सकाळी दहा ते बारा एवढाच आवाज करायचा असं ठरलं होतं. भाड्याच्या मशीनवर दोन तासांसाठी दिवसाचे पैसे गेले असते.

पहिल्या रविवारी मी अंगणाच्या मधोमध छिन्नी रोवली. ती आत गेली आणि अडकून बसली. दुसरी छिन्नी शेजारी मारून पहिली सोडवण्यात अर्धा तास गेला. मग ओळखीचे मिस्त्री आले, बघून म्हणाले, "दादा, मधनं फोडू नका. कडंनं घ्या, खालची माती काढा, मग बघा." तिथून काम बदललं. कडेची माती टिकावाने हातभर आत कोरायची, पहार घालून तुकडा दोन इंच उचलायचा, खाली दगड सरकवायचा आणि मग कडेपासून सहा-आठ इंचांवर छिन्नी टेकवायची. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, ताण मात्र त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच. अधांतरी तुकड्याला खालच्या अंगाने ताण बसतो, म्हणून तो मशीनच्या चार सेकंदांत, कधी कधी तर नुसत्या घणाने तुटतो. मातीवर सपाट बसलेल्या तुकड्यात मशीन फक्त भोक पाडत राहतं. ब्रेकर घेणाऱ्या प्रत्येकाने आधी एक साडेपाच फुटी पहार घ्यावी, असं मी मनापासून सांगेन.

मशीनचं वजन पहिल्या तासात फायद्याचं वाटतं, कारण दाबावं लागत नाही. दुसऱ्या तासात तेच वजन कमरेवर येतं. हादऱ्यांनी बोटांना मुंग्या येतात. दहा मिनिटं चालवायचं, दहा मिनिटं तुकडे उचलायचे, असा क्रम लावल्यावर त्रास थांबला. उभ्या भिंतीसाठी हे मशीन घेऊ नका, ते जमिनीसाठीच आहे.

विजेचं आधी बघा. 1600 वॅट म्हणजे 230 व्होल्टला सात अँपिअर. घरातल्या साध्या पाच-सहा अँपिअरच्या प्लगवर आणि बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर मी सुरुवात केली, तर वायर गरम आणि घाव मऊ. 2.5 चौरस मिमीची वायर आणि मोठा प्लग घेतल्यावर तेच मशीन वेगळं वाटलं. धुळीसाठी कोबा आदल्या रात्री भिजवून ठेवायचो. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. ती फुफ्फुसात बसली की निघत नाही. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, एन-95 मास्कच हवा. पाणी आणि वीज एकत्र येणार म्हणून त्या सर्किटला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घेतला. हा खर्च टाळू नका.

मे महिन्यात मशीन बंद पडलं. मोटरमधले कार्बन (वीज फिरत्या भागाला पोचवणारे छोटे ठोकळे) झिजले होते. कार्बन वॉरंटीत येत नाहीत, हे विकताना कोणी सांगितलं नव्हतं. सर्व्हिस सेंटरने मशीन 18 दिवस ठेवून घेतलं. पुढच्या वेळी कार्बनची जोडी मी बाजारातून आणून दहा मिनिटांत घरीच बदलली. छिन्नीची टोकं मात्र उत्तम निघाली. लोहाराकडून दोनदा पाजवून घेतली, अजून चालतात.

फोडण्यापेक्षा अवघड गेलं ते उचलणं. 600 चौरस फूट, चार इंच जाडी, म्हणजे दोन ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) घट्ट काँक्रीट. वजन साडेतेरा टनांच्या घरात. फुटल्यावर ते पसरून तीन ब्रास होतं. घमेल्याने हे कधी संपत नाही. ट्रॅक्टरची ट्रॉली दारात आणि दोन माणसं हाताशी हवीतच. हा राडारोडा ओढ्यात किंवा रस्त्याकडेला टाकता येत नाही, नियमांत ते स्पष्ट आहे. आमचा सगळा माल चुलतभावाच्या शेतरस्त्यावर गेला. तिथे पावसाळ्यात बैलगाडीही रुतायची. या जुलैत त्याचा ऊस लागणीचा ट्रॅक्टर त्या रस्त्याने गेला, याचं मला फार समाधान आहे.

आता माझी चूक, जी वाचणाऱ्याने करू नये. उत्साहात मी स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असलेली पट्टीही फोडली. जुलैत त्या भिंतीला आतून गुडघाभर ओल चढली. पाणी पायाशी मुरत होतं आणि काळी माती तिथेच फुगत होती. घराला लागून तीन फुटांची पट्टी, बाहेरच्या बाजूला उतार असलेली, ठेवायलाच हवी. ऑक्टोबरमध्ये ती नव्याने घातली, यावेळी खाली मुरूम ठोकून. भिंत अजून पूर्ण सुकलेली नाही.

बाकी अंगणात चार इंच मुरूम, वर बारीक खडी आणि चालण्यापुरत्या शहाबादी फरश्या आहेत. 50 मिमी पाऊस पडला की एवढ्या जागेवर 2,800 लिटर पाणी येतं. पूर्वी ते सगळं फाटकातून रस्त्यावर जायचं. काळी जमीन हळू पिते, त्यामुळे मोठ्या सरीनंतर तास-दोन तास पाणी दिसतं, मग जिरतं. आंब्याच्या बुंध्याला चिकटलेला कोबा काढताना मशीन वापरलं नाही, छिन्नी-हातोड्याने तीन संध्याकाळी घालवल्या. मुळं वर आली होती, त्यांना धक्का लावायचा नव्हता. सप्टेंबरात त्याला नवी पालवी फुटली. आई आता तिथे खुर्ची टाकून बसते.

मशीन सध्या मेहुण्याकडे आहे, त्याचा जुना हौद काढायचा आहे. हौदात सळई आहे, त्यामुळे त्याला सोबत चार इंची ग्राइंडरही दिला. नुसत्या ब्रेकरने सळईचं काँक्रीट सुटत नाही, तुकडे लोंबकळत राहतात.