कास्टिंगची तयार माती, २५ किलोची गोणी: रंगाला छान, साच्याला त्रासाची

भाजल्यावर या मातीचा रंग सुंदर येतो, हे आधीच सांगते. १२२० अंशांना काढलेले कप स्वच्छ पांढरे, लोहाचा ठिपका नाही. चाकावर काम करणाऱ्यांनी खुशाल घ्यावी. पण गोणीवर ‘कास्टिंगसाठी’, म्हणजे पातळ माती प्लास्टरच्या साच्यात ओतून भांडी घडवण्यासाठी, असं छापलंय आणि माझी तक्रार तिथेच आहे.

माझी नेहमीची माती कोरड्या वजनाच्या ०.३ टक्के सोडियम सिलिकेटमध्ये (कालवलेली माती पातळ करणारं रसायन) मलईसारखी ओघळते. हिला ०.५ टक्के घातलं तरी ढवळणारी काठी थांबली की स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली माती, जागच्या जागी थिजते. बोअरच्या पाण्यावर संशय नको म्हणून डिस्टिल्ड पाणी घेतलं, तरी तेच. मग थोडी माती त्याच पाण्यात ढवळून रात्रभर ठेवली, वरची निवळी गाळली, हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला आणि नंतर बेरियम क्लोराइड. लगेच पांढरा साका. म्हणजे मातीतच विरघळणारं सल्फेट आहे, बहुधा जिप्समचं (म्हणजे कॅल्शियम सल्फेटचं).

मातीच्या बारीक चकत्यांवर ऋण भार असतो. भोवती सोडियम असला की त्या एकमेकींना लोटतात आणि पाण्यात सुट्या राहतात. जिप्सममधून सुटलेल्या कॅल्शियमवर भार दुप्पट. तो चकत्यांना बिलगला की लोटण्याचा जोर जातो आणि गुठळ्या धरतात. वरून सिलिकेट ओतत राहिलं तर बरंचसं त्या कॅल्शियमवरच खर्च होतं, शिवाय प्लास्टरचा साचा झिजतो तो वेगळाच.

उपाय आहे. सिलिकेटच्या आधी ०.१ टक्का बेरियम कार्बोनेट पाण्यात कालवून रात्रभर मुरू दिलं, की सल्फेट बेरियमबरोबर आणि कॅल्शियम कार्बोनेटबरोबर बांधलं जातं. दोन्ही जवळपास न विरघळणारी. त्यानंतर स्लिप ०.३५ टक्क्यांतच वाहू लागली. कपांच्या काठावर आणि कानांवर सुकताना जमणारा पांढुरका थरही गेला. त्या थरावर ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) नीट धरत नव्हतं.

पण बेरियम कार्बोनेट विषारी आहे. मास्क, हातमोजे हवेतच, आणि मुलांचे वर्ग घेणाऱ्यांनी तर ते घरात आणूच नये. कास्टिंगसाठी म्हणून विकलेल्या मातीत हे काम गिऱ्हाइकावर का?

विक्रेत्याकडे चौकशी केली तर मेश (कणांचा बारीकपणा) आणि पांढरेपणाचा कागद आला. विरघळणाऱ्या क्षारांचा आकडा त्यात नाहीच. तो लॉटनिहाय लेखी मिळेपर्यंत मी दुसरी गोणी उचलणार नाही. घ्यायचीच असेल तर आधी किलोभर नमुना मागवा आणि निवळी तपासा.