बाथरूमच्या फरशीवर व्हिनाइल: क्लिकचं की चिकटवायचं?

शॉवर आणि बादलीच्या जागेत दोन्ही नकोत, तिथे लादीच बरी. प्रश्न कमोड-बेसिनच्या बाजूचा.

क्लिकची एसपीसी फळी, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिळून केलेली, गोंदाशिवाय एकमेकींत अडकवून नुसती अंथरायची; चार ते सहा मिमी जाड आणि कडक. जुन्या लादीवर थेट बसते, सांध्यांच्या रेषा वर उमटत नाहीत, काम एका दिवसात उरकतं. दार खाली घासेल का, तेवढं आधी बघा. चिकटवायचं व्हिनाइल दोन-तीन मिमीचं. खालचे सांधे बुजवले नाहीत तर काही महिन्यांत जुन्या लाद्यांचे चौकोन वर दिसू लागतात. म्हणजे लादी घासा, प्रायमर मारा, लेव्हलिंग कंपाउंड ओढा, सुकू द्या. मजुरी इथेच वाढते.

इथवर क्लिकचं पारडं जड. आड येतो तो उतार. आपल्या बाथरूमची फरशी नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीकडे, चहूबाजूंनी उतरते आणि क्लिकच्या फळीला साधारण दोन मीटरला तीन मिमीपलीकडे उंचसखलपणा सोसत नाही. दोन उतार मिळतात तिथे फळी अधांतरी राहते. पाय पडला की दबते, टक्‌ वाजते आणि हळूहळू लॉक सैल होतं. मग जेट स्प्रेचं पाणी त्या फटीतून खाली. खोक्यावरचं ‘वॉटरप्रूफ’ खोटं नाही, पण ते फळीपुरतं. खाली साचलेल्या पाण्याला वाट नसते आणि कुबट वास फिनाइलनेही जात नाही. उपसायचं तर भिंतीपासून एकेक फळी काढत यावं लागतं. त्यात कमोडचे स्क्रू फळीतूनच मारलेले असले तर ती सरकायलाही मोकळी राहत नाही. कमोडभोवती फट सोडून सिलिकॉन भरणं हाच मार्ग, आणि ते सिलिकॉन अधूनमधून बदलावं लागतं.

चिकटवलेलं व्हिनाइल उताराबरोबर वाकतं, खाली पोकळी राहत नाही. मात्र गोंद दोन भाग मिसळायचा, पॉलियुरेथेन किंवा इपॉक्सीच घ्या. दातेरी थापीने पसरा, वरून जड रोलर फिरवा, जाळीभोवतीच्या कापलेल्या कडा सिलिकॉनने बंद करा. कंपाउंड ओढण्याआधी फरशीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून 24 तास ठेवा. आत दव धरलं तर काम थांबवा, नाहीतर कडा उचलणारच.

भाड्याचं घर, भिंतीवरचा कमोड, जवळपास सपाट फरशी असेल तर क्लिकचं घ्यायला हरकत नाही. आमच्याकडे जाळी मधोमध, म्हणून चिकटवलेलं; वासाची तक्रार अजून तरी नाही. काहीही घेतलंत तरी रबरी पाठीचं पायपुसणं टाकू नका, खाली पिवळा डाग पडतो आणि तो निघत नाही.